आमच्याकडे असं करत नाहीत!

स्वयंपाकाला नवीन मावशी आल्या की पहिले आठ दिवस घरात एकच वाक्य ऐकू येतं - "मावशी, आमच्याकडे असं करत नाहीत हो." आमटीत गूळ हवा, पोळीला तेल नको, वगैरे वगैरे. नवव्या दिवशी मावशींना सगळं पाठ! आता कल्पना करा, मावशींच्या हाताला चव आहे, कामाचा झपाटा आहे, पण रोज सकाळी त्या कालचं सगळं विसरून येतात. कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटचं अगदी असंच आहे.

मी पुण्यात एका वेब टीममध्ये काम करतो. आमचा बराचसा कोड हल्ली असिस्टंटच लिहितो. कोड चालतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने अख्ख्या जगाचा कोड वाचलाय, त्यामुळे त्याला जगाची सरासरी पद्धत येते, आमची नाही. नवं सेशन उघडलं की पाटी कोरी. म्हणून प्रोजेक्टमध्ये सूचनांची एक फाइल ठेवायची असते. क्लॉड कोडसाठी 'क्लॉड.एमडी', इतर बऱ्याच असिस्टंटसाठी 'एजंट्स.एमडी'. सेशन सुरू होताना ती आपोआप वाचली जाते. फ्रिजवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणा ना.

मग उत्साही लोक काय करतात, तर टीमचं पन्नास पानी स्टँडर्ड उचलून त्यात ओततात. सूचना जितक्या जास्त, तितकी प्रत्येकीची धार कमी. त्यात "कोड स्वच्छ आणि ॲक्सेसिबल असावा" अशी वाक्यं. हे म्हणजे पाककृतीतलं 'चवीपुरतं मीठ'. कोणाच्या चवीपुरतं?

आमच्याकडचं उदाहरण सांगतो. एका फॉर्मवर 'रद्द करा' बटण हवं होतं. असिस्टंटने 'बटन' टॅग न वापरता 'डिव्ह'ला ऑनक्लिक लावून दिलं. माउसने झकास चाललं. आमच्या टेस्टरने मात्र टॅब दाबत फॉर्म भरायला घेतला, तर ते बटण येईचना! साध्या डिव्हवर कीबोर्डचा फोकस जात नाही, एंटर दाबून काही होत नाही, आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. म्हणजे ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासाठी ते बटण अस्तित्वातच नाही.

गंमत म्हणजे नियम फाइलमध्ये लिहिलेला होता. पण त्याच फोल्डरमध्ये जुन्या काळातले तसलेच डझनभर डिव्ह पडले होते. असिस्टंटने चिठ्ठी वाचली, मग ओट्याकडे पाहिलं, आणि ओट्यावर विश्वास ठेवला. नवा माणूस तरी दुसरं काय करतो?

आणि हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना डिजिटल केवायसी करताना येणाऱ्या अडचणींबद्दल सुप्रीम कोर्टाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलंय. आपलं 'रद्द करा' बटण त्या हक्काच्या वाटेत येतं, राव.

तर आम्ही नियमांचे तीन ढीग केले. जे यंत्राला तपासता येतं, ते चिठ्ठीत नकोच. क्लिक होणारा डिव्ह ईएसलिंटचा ॲक्सेसिबिलिटी प्लगिन पकडतो. बिल्ड अडला की तो एरर असिस्टंटच वाचतो आणि दुरुस्ती करतो, आपला घसा कोरडा पडत नाही. दुसरा ढीग, जे फक्त आमच्या टीमचं आहे. ते थोडक्यात, कारणासकट आणि आमच्याच कोडमधल्या चांगल्या फाइलचं नाव देऊन लिहायचं. 'बटणासाठी आपला तयार कंपोनंटच वापर, कारण कीबोर्डचं सगळं त्यात आहे' - इतकं पुरतं. आणि जुन्या फोल्डरवर सरळ पाटी, इथली नक्कल करू नये. सवड मिळेल तसा तो साफ करणं चालू आहे.

तिसरा ढीग माणसांचा. चित्राला ऑल्ट टेक्स्ट आहे की नाही हे यंत्र सांगेल. पण 'चित्र 1' लिहिलं तरी ते खूश! त्यातून न पाहणाऱ्याला काही कळतंय का, हे कोणीतरी वाचूनच ठरवायला हवं.

हे ढीग करताना खरी मजा आली. फॉर्ममधल्या चुकीचा निरोप त्या रकान्याखाली दाखवायचा की वर, यावर दोन सीनियर मंडळींची दोन उत्तरं निघाली. दोघंही इतकी वर्षं छातीठोकपणे "आपलं स्टँडर्ड आहे" म्हणत होते! नवीन मुलं ज्याच्या शेजारी बसली, त्याचं स्टँडर्ड शिकत होती. यंत्राला समजावायची वेळ आली म्हणून ते कागदावर आलं. आता तीच फाइल आम्ही नव्या मुलांनाही पहिल्या दिवशी वाचायला देतो.

असो. सोमवारी ऑफिसला गेलात की एक करा. माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब आणि एंटरवर आपलाच एखादा फॉर्म भरून बघा. सूचनांच्या फाइलमध्ये पहिली ओळ काय लिहायची, ते तिथेच कळेल.