परत फिरण्याची वेळ

आमच्या कुळात मत्स्यावताराची पूजा झाली असेल. मत्स्याहार मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही. असे असता साठी उलटल्यावर आम्ही हाती गळ घेऊन समुद्रात गेलो, हे वृत्त ऐकताच घरातील वडीलधाऱ्यांनी कानांवर हात ठेवले, आणि धाकट्यांनी 'किती मिळाले?' म्हणून विचारले. दोघांसही एकदाच उत्तर मिळावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात आम्ही सपत्नीक आमच्या पुतण्याकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात राहावयास गेलो होतो. बझर्ड्स बे नावाचा उपसागर त्याच्या घरापासून जवळच आहे. झाडांची पाने लाल-पिवळी होऊन गळू लागली होती, आणि वाऱ्यास अशी धार आली होती की, आम्ही दिवसभर कानटोपी उतरीत नसू. एके दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, उद्या माझ्याबरोबर कायाकमधून चला. मासा मारायचा नाही; धरायचा आणि सोडून द्यायचा." ही पळवाट आम्हांस फार आवडली. खेळाचा खेळ व्हावा आणि धर्मासही बाध येऊ नये, असा योग नित्य थोडाच येतो!

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्यास तिकडे स्ट्राइप्ड बास म्हणतात. शैवाच्या कपाळी भस्माचे पट्टे असावेत, तशा सात-आठ काळसर रेघा त्याच्या रुपेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत ओढलेल्या असतात. चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्या, हडसन नदी अशा ठिकाणी गोड्या पाण्यात याचा जन्म. वाढ खाऱ्या पाण्यात. उन्हाळ्यात तो उत्तरेकडे येतो, आणि शरदात पाणी निवू लागले की दक्षिणेची वाट धरतो. वाटेत मेनहेडन नावाच्या लहान माशांचे थवेच्या थवे तो फस्त करीत जातो. म्हणून ज्या गार वाऱ्याने इतर माणसे घरात शिरतात, त्याच वाऱ्याची गळवाले चातकाप्रमाणे वाट पाहतात.

या माशाचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १६३९ साली तेथील वसाहतीने तो शेतात खत म्हणून घालू नये असा कायदा केला. यावरून तो किती मुबलक असेल याची कल्पना करावी. १६७० साली शेजारच्या प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल व हेरिंग या माशांचे उत्पन्न एका मोफत शाळेस लावून दिले. ज्या माशाने मुलांस अक्षरओळख करून दिली, त्याच माशावर पुढे दुर्मिळ होण्याची पाळी आली. मेरीलँड संस्थानाने १९८५ पासून १९९० पर्यंत त्याची मासेमारी अजिबात बंद ठेविली, तेव्हा तो सावरला. १९९५ साली तो पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. आणि २०१९ च्या पाहणीत त्याचा अतिरेकी उपसा पुन्हा आढळून आला! आम्ही गेलो तेव्हाचा नियम असा होता की, माणसी दिवसाला एकच मासा घरी न्यावा, आणि तोही २८ इंचांहून आखूड नसावा व ३१ इंचांच्या आत असावा. लहानांस अभय समजण्यासारखे आहे. मोठ्यांस कशाला, असे आम्ही विचारले. तेव्हा कळले की, मोठे मासे बहुधा माद्या असतात आणि एकेक मादी लाखो अंडी घालते. घरातील वडील बायकांस जपले तर घर टिकते, हे आम्हांस नव्याने सांगावयास नको होते.

कायाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची विद्या. वाहून आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही नाव करीत. आमची नाव प्लास्टिकची, दोघांनी मागेपुढे बसण्याची आणि पायट्यांनी चालणारी होती. त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहात. निघण्यापूर्वी पुतण्याने आम्हांस आत पाणी न शिरणारा पोशाख चढविला आणि वर तरंगते जाकीट आवळले. १५ सप्टेंबरपासून १५ मेपर्यंत कायाकमध्ये असे जाकीट घालणे त्या संस्थानात सक्तीचेच आहे. पाणी पंधरा अंशांच्या आसपास होते. "एवढ्या पाण्याने आम्ही कार्तिकस्नान करीत असू," आम्ही म्हणालो. तो हसला नाही. अशा पाण्यात अकस्मात पडल्यास प्रथम श्वासच आवरत नाही, आणि पुढे हातांची बोटे नावेची कडही धरीनाशी होतात, असे त्याने शांतपणे सांगितले. दुपारी बाराच्या आत परततो, असे काकूस बजावून सांगूनच तो निघाला.

वारा वायव्येचा, म्हणजे जमिनीवरून पाण्याकडे जाणारा होता. आमच्या कोकणात ज्यास मतलई म्हणतात, त्याच दिशेचा; परंतु हा रात्रीपुरता नव्हे, दिवसाही वाहणारा. हा वारा मोठा मायावी. किनाऱ्यालगत झाडांच्या आडोशाने पाणी ताटासारखे स्वस्थ दिसते. परंतु जसजसे दूर जावे तसतशी वाऱ्यास धावावयास जागा मिळते आणि लाटा वाढत जातात. शिवाय जाताना तो पाठीवर थाप देतो, आणि आपण आपल्याच बळाने चाललो आहो असे वाटते. तो दुपारनंतर वाढेल असा अंदाज होता. तो दहा वाजताच वाढला.

त्याच सुमारास आमच्या काठीस हिसका बसला. मागे सोडलेले रबरी आमिष कोणीतरी गिळले होते. काठी कमानीसारखी वाकली, दोरा करकरत सुटू लागला, आणि खोटे कशास बोला, त्या क्षणी सात पिढ्यांची अहिंसा आमच्या मदतीस धावली नाही. "सोडू नका, काका!" हे शब्द ऐकण्याचीही आम्हांस गरज नव्हती. मासा नावेशेजारी आला, तेव्हा पट्टीवर तो ३४ इंच भरला. म्हणजे सोडणे कायद्यानेच भाग होते. पुतण्याने गळाचा उलटा काटा आधीच चेपून ठेविला होता, म्हणून तो चटकन निघाला. पण मासा थकून कलंडला होता. पुतण्याने ओल्या हातांनी त्याच्या पोटास आधार देऊन, पाणी कल्ल्यांतून खेळेल असा, त्यास धरून ठेविले. तीन-चार मिनिटे गेली असतील. मग शेपटीचा एक फटकारा आमच्या तोंडावर बसला आणि मासा दिसेनासा झाला.

"पुण्य पदरी पडले," आम्ही म्हणालो.

"काका, सोडलेल्या शंभरांतले सुमारे नऊ मागाहून मरतात, असा सरकारी हिशेब आहे. हा त्या नवांत नसावा, एवढेच आपण म्हणायचे."

आमची पळवाट अशी भर समुद्रात बुजली. मान वर केली तो किनाराही बराच मागे गेला होता. मासा सावरीत असता वाऱ्याने आम्हांस मुकाट्याने आत लोटले होते. इतक्यात आणखी पुढे, शेदोनशे हातांवर, पाणी उकळल्यासारखे झाले आणि समुद्रपक्ष्यांचा थवा त्यावर तुटून पडला. बासांची झुंडच वर आली होती! "चल, एवढे पाहून येऊ," असे शब्द आमच्या तोंडून गेले. ज्यास बोट धरून आम्ही शाळेत नेले, तो पुतण्या म्हणाला, "नाही, काका. आता फिरायचे." आणि त्याने सुकाणू वळविले.

जाताना वीस मिनिटांत काटलेले अंतर येताना सव्वा तास पुरले. लाटा तोंडावर येत होत्या, गुडघे बोलत होते, आणि पायटे क्षणभर थांबले की नाव मागे सरत होती. आडोशाच्या पाण्यात शिरेपर्यंत आम्ही दोघे चकार शब्द बोललो नाही. त्या दोनशे हातांचा मोह पुरविला असता तर काय झाले असते, याचा हिशेब आमचे गुडघे मनाहून आधी करीत होते.

घरी सौभाग्यवतींनी सर्व ऐकून एकच विचारले, "मग तो मासा जगला ना?" याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते, आजही नाही. धाकट्यांस सांगावयाचे ते हे की, एक मिळाला. वडिलांस हे की, तो सोडला. परंतु सोडल्याने हात धुतले गेले, असे आता आम्ही म्हणणार नाही. गळ पुन्हा धरावा असे वाटत नाही. त्या नावेत मात्र पुन्हा अवश्य बसू. कारण पाणी निवताच वेळेवर वाट बदलणारा तो मासा, आणि वाऱ्याचा रंग पाहून भरल्या ताटावरून उठणारा आमचा पुतण्या, या दोघांपाशी आम्हांस अजून शिकावयाचे आहे.