मातीचा पेला

बेळगाव-निपाणीकडच्या आम्हां माणसांना सीमा म्हटली की नकाशाच आठवतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला. त्याच्या चर्चेत आम्हां वकिलांची अर्धी हयात जाते. परंतु एका सीमेविरुद्ध कोणी दावा लावला नाही. तिची आठवण पालवणकर बाळूंमुळे होते.

बाळू जन्माने आमच्या शेजारच्या धारवाडचे, ज्ञाती चर्मकार. पुण्यास क्रिकेटचे मैदान झाडण्याबद्दल त्यांस दरमहा तीन-चार रुपये मिळत. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात असा तयार झाला की, त्यावाचून हिंदू संघाचे चालेना. तरीही चहाच्या वेळी इतरांचे पेले आत चिनी मातीचे, बाळूंचा बाहेर साध्या मातीचा! चेंडू मात्र सर्वांच्या हातून फिरे. त्यास विटाळ नव्हता.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात संघ पुष्कळ सामने हरला. बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांस लाभले नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांस मिळाले. १९५५ साली बाळू निवर्तले.

हक्क तेथे दाद, असे आम्ही कायद्याच्या वर्गात शिकलो. बाळूंचा हक्क तर धावफलकावर लिहिलेला होता! आमच्या जुन्या घराच्या ओसरीवरील कोनाड्यातही एक पेला निराळा असे. तो कोणासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही.