परमुलखातील मोटार

वस्तू विकत घेणे आणि वस्तूचे मालक होणे या दोन क्रिया आपण सामान्यतः एकच समजतो. दुकानात पैसे मोजले की छत्री आपली झाली. तिच्या मालकीविषयी पुढे कोणी शंका काढीत नाही, आणि ती हरवली तरी ‘माझी छत्री हरवली’ असेच आपण अभिमानाने म्हणतो. मोटारीचे तसे नाही. मोटार विकत घेता येते एका दिवसात. तिचे मालक होणे मात्र रोज नव्याने सिद्ध करावे लागते. स्वदेशात हा भेद फारसा जाणवत नाही. परदेशी गेल्यावाचून तो मलाही जाणवला नसता. दुबई व शारजा या दोन शहरांत नोकरीनिमित्त जी अकरा वर्षे मी काढली, त्यांत वाळवंट थोडे पाहिले, समुद्र त्याहून थोडा पाहिला. मोटारीच्या निमित्ताने मालकी या विषयाचा मात्र पुरेपूर अभ्यास झाला.

आमच्या साक्रीकडे वाहनाची मालकी ही मुख्यतः साक्षीची बाब आहे. कान नदीकाठचे हे तालुक्याचे गाव सुरत-धुळे महामार्गावर वसलेले असल्यामुळे मोटारी, मालट्रका यांचे दर्शन आम्हांस नवे नाही. तरीही कोणाच्या दारी नवी गाडी उभी राहिली, की गल्लीतील मंडळी जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितलाले लिधी रे भाऊ?’ या प्रश्नात कुतूहल असते, थोडा हेवा असतो, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यात एक नोंद असते. किंमत कळली, रंग पाहिला, पेढा खाल्ला, की ती गाडी अमक्याची हे साऱ्या गल्लीच्या लक्षात कायमचे राहते. ‘एमएच १८’ या अक्षरांमागचे आकडे धुळ्याच्या कचेरीत लिहिलेले असतील. खरी नोंदवही समोरच्या ओट्यावर बसलेली असते. गाडीत किल्ली विसरून रात्रभर स्वस्थ झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. ती निष्काळजी नव्हेत. त्यांची गाडी दुसरा कोणी चालवू लागला, तर चौकापर्यंत जाण्याच्या आत दहा जण ‘कुठे निघालास?’ म्हणून विचारतील, हे त्यांना ठाऊक असते.

या ओट्याचा आधार विमानतळावरच सुटतो. दुबईत उतरलेल्या साक्रीच्या मनुष्यास कोणी ओळखत नाही. आणि चौदाव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकणारा, कोंडाईबारीचा घाट रात्री पावसात उतरणारा हा पुरुष तेथे पुन्हा शिकाऊ होतो. काही देशांच्या नागरिकांना आपला परवाना तेथे नुसता बदलून मिळतो. तेथे राहू लागलेल्या भारतीयास तशी सवलत नाही. पाच वर्षांहून अधिक अनुभव असला तर शिकवणीचे तास कमी होतात, परीक्षा मात्र माफ होत नाही. आधी नियमांची परीक्षा, मग आवारात गाडी उभी करण्याची, मग रस्त्यावरची. त्यातच तेथील वाहतूक उजव्या बाजूने चालणारी. जन्मभर डावीकडे वळणारा हात प्रत्येक नाक्यावर मनाशी भांडतो. पाच-पाच, सहा-सहा वेळा नापास झालेले चाळिशीतील अभियंते मला ठाऊक आहेत. प्रत्येक अपयशागणिक नव्या तासांचे पैसे भरावे लागतात, हे दुःख आहेच. पण मोठे दुःख निराळे असते. ज्या गोष्टीत आपण निष्णात आहोत असे गावाने मान्य केले होते, ती गोष्ट आपल्याला येत नाही असे एक अनोळखी मनुष्य शांतपणे कागदावर लिहितो.

परवाना मिळाला की खरेदी. नवी गाडी घेण्यात पैसा लागतो, जुनी घेण्यात अक्कल लागते. आणि बहुतेकांजवळ पहिली गोष्ट नसल्यामुळे दुसरी मिळवावी लागते. येथे मला बैलबाजाराचा उपयोग झाला. आमच्याकडे जाणता शेतकरी बैलाच्या झुलीकडे किंवा रंगवलेल्या शिंगांकडे पाहत नाही. तो तोंड उघडून दात पाहतो, बैल चालवून पाय पाहतो, आणि मगच दलालाच्या रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतो. मोटारीचे दात म्हणजे टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन वर्षातील आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. त्या उन्हात पाच वर्षांहून जुना टायर कितीही नवा दिसला तरी विश्वासास पात्र नसतो, आणि कायद्यासही तो चालत नाही. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कुळी. आखातातील उष्म्यासाठी बांधलेल्या गाडीस तेथे ‘जीसीसी’ म्हणतात. तिचा रेडिएटर व थंड हवेचे यंत्र त्या हवेस साजेसे असते. अमेरिकेतील लिलावातून आलेल्या, कधी अपघातातून उठवलेल्या गाड्याही शारजाच्या बाजारात रंग देऊन उभ्या असतात. त्या स्वस्त मिळतात, एवढेच त्यांच्या बाजूने बोलता येईल.

गाडी ठरली, तरी ती तुमची होत नाही. आधी विमा उतरवावा लागतो. त्याखेरीज नोंदणी नाही. विम्याची मुदत तेरा महिन्यांची असते, कारण वर्षाची नोंदणी नव्याने करण्यास एक महिना सवड हवी, इतका विचार त्या व्यवस्थेने केलेला आहे. मग हातात एक लहानसे पत्र पडते. त्याला म्हणतात ‘मुल्किया’. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी चमकलो, कारण तो मला परका वाटेना. आपण रोज वापरतो ते ‘मालक’, ‘मालकी’ आणि ‘मुलूख’ हे शब्द याच अरबी कुळातले. म्हणजे मालकी आणि मुलूख ही एकाच घरची भावंडे आहेत. आपल्या मुलखात मनुष्य मुल्कियेवाचूनही मालक असतो. परमुलखात ती दाखवल्यावरच मालक होतो.

गाडीच्या क्रमांकाची गोष्टही अशीच उद्बोधक. आपल्याकडे क्रमांक गाडीला चिकटतो. मालक बदलले तरी तो तिच्याबरोबर जन्मभर राहतो. दुबईत तो मनुष्याजवळ राहू शकतो. गाडी विकावी, क्रमांक ठेवून घ्यावा. म्हणूनच तेथे क्रमांकांचे लिलाव होतात आणि २०२३ साली ‘पी ७’ हा एकच क्रमांक साडेपाच कोटी दिरहमांस गेला. ते पैसे दानधर्माच्या कार्यास मिळाले, हे ऐकून मनास थोडे बरे वाटते. पण आपली ओळख पत्र्याच्या तुकड्यावर मिरवण्याची मनुष्याची हौस किती खोल असते, हेही कळते.

गाडीची निगा हा वाळवंटात ऋतूंशी चाललेला झगडा असतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. बॅटरी दोन-अडीच वर्षांत पूर्वसूचना न देता मरते. रबर वाळते, पट्टे चिरतात, हवेच्या गाळणीत वाळू साचते. गाडी महिनोन्‌महिने धुळीत रस्त्यावर टाकून देणेही तेथे गुन्हा आहे. दुबई नगरपालिका त्यासाठी पाचशे दिरहम दंड करते. अपघात होऊन साधा पोचा आला तरी पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला त्यास हात लावीत नाही. या साऱ्या कागदांच्या राज्यात एकच गोष्ट जुन्या पद्धतीने चालते, आणि ती म्हणजे मिस्त्री. शारजाच्या औद्योगिक वस्तीत शेकडो गॅरेजे आहेत. कोठे मल्याळी, कोठे पंजाबी, कोठे पठाण कारागीर. कोणता प्रामाणिक, हे कोणत्याही कचेरीत लिहिलेले नसते. ते एक मराठी कुटुंब दुसऱ्यास सांगते, वैद्याचे नाव सांगावे तसे, किंचित आवाज खाली आणून. साक्रीचा ओटा तेथे अशा रूपाने पुन्हा बांधला जातो.

आणि सुरक्षितता? तेथे मोटारी चोरीस जाण्याचे भय फार थोडे. रात्री मनुष्य जागा राहतो तो चोराच्या भीतीने नव्हे, हिशेबाच्या. रस्त्यावरचा कॅमेरा वेग टिपतो आणि दंडाचा निरोप फोनवर येतो. २००७ सालापासून ‘सालिक’ नावाच्या कमानीखालून गेले की काचेवरील चिठ्ठीतून पथकर आपोआप वजा होतो. पण खरा पहारा कर्जाचा असतो. तेथील मध्यवर्ती बँकेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे गाडीच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, आणि ते साठ महिन्यांत फेडावे लागते. हे साठ महिने नोकरी टिकेल, असा करार मात्र कोणी करून देत नाही. नोकरी गेली की राहण्याचा परवाना जातो; तो गेला की ठरावीक मुदतीत देश सोडावा लागतो.

२००८ च्या अखेरीस मंदी आली तेव्हा याचे चित्र साऱ्या जगाने पाहिले. विमानतळाच्या वाहनतळावर धुळीने माखलेल्या गाड्या टाकून परदेशी माणसे निघून गेली, अशा बातम्या २००९ च्या आरंभी सर्वत्र छापून आल्या. आकड्यांविषयी वाद झाला. पोलिसांनी मोठे आकडे नाकारले. पण संख्या लहान असली तरी गोष्ट लहान होत नाही. न वटलेला धनादेश तेथे त्या काळी सरसकट फौजदारी गुन्हा होता. ही कठोरता २०२२ च्या आरंभी बरीच सैल झाली. गाडी टाकून पळणाऱ्या मनुष्यास आपण सहज बुडवा म्हणतो. परंतु ज्या गाडीपुढे उभे राहून त्याने कधी काळी छायाचित्र काढले, आईला धाडले, आणि ते आईने शेजारणींना दाखवले, तिच्याकडे पाठ फिरवताना त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना छायाचित्र धाडणाऱ्या कोणालाही करता येईल. गावाकडे छायाचित्रात गाडी दिसते; हप्ता दिसत नाही. ‘कितलाले लिधी?’ हे गाव विचारते, ‘कुणाच्या पैशानं?’ हे विचारीत नाही, आणि सांगण्याचे धैर्यही सहसा कोणास होत नाही. परदेशस्थाच्या मोटारीचा सर्वांत जड भाग कोणता, असे कोणी विचारले, तर मी इंजिनाचे नाव घेणार नाही. हे मौनच अधिक जड असते.

इतके वाचून वाचक म्हणतील, तर मग ओळखीचे गावच बरे, कागदांचे शहर वाईट. मलाही काही वर्षे तसे वाटे. साक्रीस कायमचा परतल्यावर महामार्गाच्या कडेला उभा राहून वाहने पाहू लागलो, तेव्हा तो निष्कर्ष डळमळला. आपल्याकडे तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती १९३९ च्या कायद्याने केली व ती १९४६ पासून अमलात आली. तरीही विमाक्षेत्राच्या आकडेवारीप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक वाहने आज विम्याविना धावतात, आणि त्यांत दुचाकींचा भरणा मोठा. विमा उतरवीत नाही तो मनुष्य दुष्ट नसतो. त्याचा हिशेब ओट्याचा असतो: सारे आपल्याला ओळखतात, काही झाले तर चार माणसे मध्ये पडतील, मिटवतील. पण महामार्गावर ज्याला धक्का बसतो तो बहुधा अनोळखी असतो. ऊसतोडीसाठी गुजरातेकडे निघालेला मजूर असतो, आठवड्याच्या बाजाराहून पायी परतणारी बाई असते. त्यांच्या बाजूने मध्ये पडणारी चार माणसे तेथे नसतात. त्यांच्या वाट्याला आपल्या ओळखीचा काडीचाही उपयोग नाही.

अरबीत विम्यास ‘तामीन’ म्हणतात. निर्भयता आणि विश्वास या दोन्ही अर्थांच्या धातूपासून तो शब्द निघाला आहे, आणि आपली ‘अनामत’ही त्याच धातूची. मला यात भाषेचे शहाणपण दिसते. ओळख आपल्या वस्तूचे रक्षण करते. कागद परक्या माणसाचे करतो. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ज्याच्या घरचा पेढा आपण कधी खाल्ला नाही, त्याच्याशी समाजाने आधीच करून ठेवलेला करार म्हणजे विम्याचा तो कंटाळवाणा कागद. अकरा वर्षे मी परका होतो, आणि त्या अवधीत माझी बाजू त्या कागदाने राखली. आता मी पुन्हा ओळखीचा झालो आहे. पण माझ्या दारावरून रोज कितीतरी परके जातात, त्यांच्यासाठी दरवर्षी तो कागद वेळेवर नवा करून घेणे हे मी पथ्य म्हणून पाळतो.