साठीनंतरचे सात मैल

वसईत गोल्फ म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खेळता कुठे?" प्रश्न रास्त आहे. हा क्रिकेटचा मुलूख. पृथ्वी शॉ विरारहून किट खांद्यावर टाकून लोकलने वांद्र्याला जायचा, २०१३ साली त्याने हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. गोल्फ म्हणजे चेंबूरच्या प्रेसिडेन्सी क्लबच्या कुंपणापलीकडचं काहीतरी. त्याच कुंपणाच्या अलीकडे, वस्तीतल्या गल्ल्यांत, कॅडीचं काम करणारी पोरं लोखंडी सळईचं टोक वाकवून प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फ खेळतात, आणि झकास खेळतात. पण ते असो.

मला हे वेड लागलं न्यू जर्सीत. २०२२ मध्ये मुलाकडे तीन महिने राहिलो. अमेरिकेत गेलेल्या आईबापांचं जे होतं तेच आमचं झालं. घर छान, सून छान, नात तर काय विचारूच नका, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा करायचं काय? शेजारी एक ड्रायव्हिंग रेंज होती. म्हणजे गोल्फचे चेंडू नुसते लांब मारायचा सराव करण्याची जागा. बादलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि समोरच्या कुरणात मारत सुटायचं. मुलगा म्हणाला, "बाबा, विटीदांडू समजा." समजलो. लहानपणी पापडीच्या वाडीत मारलेली विटी आणि हा चेंडू, दोन्हींमध्ये सुख एकच आहे, ती वस्तू लांब जाण्याचं.

तिथे स्क्रीनवर प्रत्येक फटक्याचा वेग दिसायचा. चेंडूला भिडताना काठीचं डोकं किती वेगात होतं तो आकडा. माझा आला ताशी ७४ मैल. अमेरिकेच्या मुख्य दौऱ्यावर खेळणाऱ्या पुरुषांचा सरासरी ११५ च्या आसपास असतो आणि तिथल्या व्यावसायिक महिलांचा ९४ च्या. एक मैल वाढला की चेंडू साधारण अडीच यार्ड पुढे जातो. त्यामुळे ज्याला लांब मारायचं आहे त्याने या एका आकड्याच्या मागे लागायचं. बाकी चेंडू काठीच्या मधोमध बसणं, तो किती कोनात उडतो, फिरकी किती, हे सगळं आहेच. चेंडू आणि काठी एकमेकांना भेटतात तो वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासचा. तेवढ्यात काय ते होऊन जातं.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आता एकसष्ट. या वयात वेग वाढतो का? रेंजवरचे माझ्यासारखे म्हातारे सगळे एकच सांगत: आता सरळ मारा, लांबचं विसरा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण मी थोडं वाचायला लागलो तेव्हा चित्र वेगळं दिसलं.

आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात, मंद आणि जलद. वसई किल्ल्यापर्यंत चालत जाऊन परत यायला मंद तंतू पुरतात. झटका द्यायचा असेल तर जलद हवेत. वय वाढतं तसे जलद तंतू आधी बारीक होतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाची ताकद कमी होते त्यापेक्षा त्याचा झटका भरभर कमी होतो. नारळाची गोण उचलणारे आजोबा पडणारी वाटी झेलू शकत नाहीत, त्याचं कारण हे. आणि रोज तासभर चालून जलद तंतू जागे होत नाहीत. (आमच्या सकाळच्या वॉकिंग ग्रुपला हे सांगितलं तेव्हा दोघे आठवडाभर बोलले नाहीत.) त्यांना जागं करायचं तर जोर लावावा लागतो किंवा जोरात हलावं लागतं, शक्यतो दोन्ही.

करणारे करतात. बर्नहार्ड लँगर हा जर्मन खेळाडू २०२३ साली पासष्टाव्या वर्षी यू. एस. सीनियर ओपन जिंकला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या टाचेची शीर तुटली, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच नोव्हेंबरात सदुसष्टाव्या वर्षी तो आणखी एक स्पर्धा जिंकला. माइक ऑस्टिन नावाच्या गृहस्थाने तर १९७४ साली लास वेगासला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ५१५ यार्डांचा फटका मारला, तोही जुन्या लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने. पाठीमागून सोसाट्याचा वारा होता हे खरं. पण आमच्याकडे सुरुची बागेत जूनमध्ये काय कमी वारा असतो? मी काही पाचशे यार्ड मारलेले नाहीत.

वेग येतो कुठून, हे मला अमेरिकेत शब्दांनी कळलं होतं, डोळ्यांनी कळलं ते परत आल्यावर. नायगावच्या खाडीवर सत्तरीचे एक कोळीबाबा पाग टाकत होते. पाग म्हणजे कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं गोल जाळं. ओलं जाळं चांगलं वजनदार असतं. बाबांचे दंड म्हणाल तर काडीसारखे. आधी त्यांनी मागच्या पायावर भार घेतला, मग पुढचा पाय चिखलात रोवला, मग कंबर वळली, कंबर थांबत आली तशी छाती वळली, आणि हात सगळ्यात शेवटी आले, ते सुद्धा जणू काही काम नसल्यासारखे. जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडलं. शेजारी त्यांचा विशीतला नातू नुसत्या हातांनी फेकत होता, त्याचं जाळं गठ्ठा होऊन पडत होतं.

गोल्फचा स्विंग हेच आहे. जमीन, पाय, कंबर, छाती, हात, काठी, या क्रमाने वेग पुढे सरकतो. आधीचा भाग थबकतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याला मिळतो, चाबकासारखा. काठी वरून खाली यायला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, त्यात हा सगळा क्रम उरकायचा. म्हातारपणी कंबर वळत नाही, मग माणूस हातांनी ओढायला जातो, खांदा दुखवून घेतो आणि म्हणतो की वय झालं.

मग मी ठरवलं की प्रयोग करायचा. डॉक्टरांकडून रक्तदाब वगैरे तपासून घेतला. मुलाने डब्याएवढं एक छोटं रडार पाठवलं, ते समोर ठेवलं की वेग दाखवतं, चेंडूही लागत नाही. जागा आमच्या इमारतीची गच्ची. सौ.चे सांडगे एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या कोपऱ्यात, असा तह झाला. आठवड्यातून तीन दिवस. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, कंबर आणि पाठ विशेष. मग ड्रायव्हर उलटा धरून, म्हणजे जड डोकं हातात आणि हलकी मूठ पुढे, पूर्ण जोराने दहा वेळा फिरवायचा. हलकी काठी वेगाने फिरते आणि शरीराला त्या वेगाची ओळख होते. मग सरळ धरून दहा. मग डाव्या बाजूने दहा. प्रत्येक फेरीनंतर चांगली दोन मिनिटं बसायचं. हे बसणं महत्त्वाचं. धापा टाकत केलेला स्विंग हा मंद स्विंगच असतो, त्याने फक्त घाम येतो. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस पायांची ताकद: पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरून खुर्चीवरून उठबस, जिन्याची एक पायरी सोडून चढणं. इमारतीतली मुलं सुरुवातीला विचारायची, "काका, डास मारताय का?" आता तीच रडार वाचून आकडा ओरडतात.

हे चालू असतानाच, २०२३ च्या पावसाळ्यात, आई न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. चौऱ्याऐंशी वर्षं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. नातेवाइकांपैकी बहुतेकांना एवढं माहीत आहे, भेटायलाही आलात. पण त्यानंतरचं थोडं सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी काहींच्या मनात अजून आहे की आम्ही आईला या वयात उगाच दमवलं.

घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताई पंचविशीतल्या. महिन्याभराने, आई वॉकर धरून चालायला लागल्यावर, त्यांनी तिला खुर्चीवरून उठायला शिकवलं. म्हणाल्या, "आजी, बसताना सावकाश. पण उठताना एकदम. पटकन." मी दारात उभा होतो. पटकन का, विचारलं. त्या म्हणाल्या, पाय अडखळला की दुसरा पाय पुढे टाकायला सेकंदाचा थोडा भाग मिळतो. तेवढ्यात पाय पोचला तर माणूस सावरतो. पायात ताकद असेल पण ती सावकाश येत असेल, तर ती येईपर्यंत माणूस जमिनीवर असतो.

मी गच्चीवर जे सात-आठ महिने करत होतो तेच होतं हे. माझ्यासाठी तो यार्डांचा खेळ होता, तिच्यासाठी उंबऱ्याचा.

घरात वाद झाला. मावशी म्हणाली, आयुष्यभर वाडीत राबली, रहाटाचं पाणी ओढलं, केळीचे घड डोक्यावरून बाजारात नेले, आता तरी तिला सुखाने पडू द्या. मावशी, तू हे वाचते आहेस हे माहीत आहे, रागावू नकोस. तुझ्या म्हणण्यात माया आहे. पण पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि म्हाताऱ्या माणसाचे तर फार लवकर झिजतात. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन या डॉक्टर बाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. जड वजन, दोरीचा खेळ नव्हे. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पटीच्या जवळपास. लक्षात घ्या, ही माणसं नव्वदीची होती. त्यांच्यापुढे आमची आई म्हणजे तरुण पोर.

आईचं स्वतःचं मत कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "पडून राहिले तर तुम्ही सगळे येऊन माझ्याकडे बघत बसता. त्यापेक्षा उठते." वाद तिथे संपला. मावशीच्या दृष्टीने संपला नसेल.

माझा आकडा दीड वर्षात ७४ वरून ८१ वर गेला. सात मैल. हिशेबाने सतरा-अठरा यार्ड वाढायला हवे होते, प्रत्यक्षात नवी मुंबईतल्या रेंजवर बारा-तेरा भरले, कारण वेगात मारलेला प्रत्येक चेंडू मधोमध बसत नाही. रेंजवर जायला वसई रोडहून पनवेलची मेमू पकडतो. कामण, भिवंडी, दिवा करत ती जाते. गाड्या मोजक्याच, एक चुकली की दिवस गेला. पिशवीत दोन काठ्या बघून भिवंडीला एकाने विचारलं होतं, भजनाला निघालात का म्हणून. मी हो म्हटलं. जातायेता चार-पाच तास मोडतात, ते बारा यार्डांसाठी. हिशेब विचारू नये. ८१ च्या पुढे आकडा गेले सहा महिने हललेला नाही, आणि एकदा पाठ धरली तेव्हा दोन आठवडे गच्ची बंद होती. पाठ धरली की थांबायचं, त्यात तडजोड नाही.

आईला रडारचं कुतूहल. एकदा म्हणाली, माझ्यासमोर लाव. खुर्चीपुढे ठेवून ती पाच वेळा उठली-बसली. आकडा काही उमटला नाही, त्या यंत्राला एवढा कमी वेग कळतच नाही. ती नाराज झाली. मग ताईंनी सांगितलं की यासाठी घड्याळ लावतात: हात छातीवर घडी करून पाच वेळा उठबस, किती सेकंद लागले ते बघायचं. पहिल्यांदा तिला हात टेकल्याशिवाय उठताच येत नव्हतं. गेल्या वर्षी दिवाळीत हात न टेकता एकतीस सेकंद. गेल्या रविवारी अठरा. कॅलेंडरवर प्रत्येक रविवारच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, ती हे आकडे स्वतः लिहिते. माझा ८१ तिने लिहून घेतलेला नाही.

अठरा सेकंद झाल्यावर खाली कोळणीची हाक आली. बोंबील होते. आई तशीच उठली आणि काठी घेऊन दाराकडे निघाली, मी पुढे व्हायच्या आत.