अंदाजपत्रक आणि ताळेबंद

बी.कॉम. झालेला माणूस बँकेत चिकटला की त्याच्या हातून कुठलीच गोष्ट सहजासहजी होत नाही. शिंक आली तरी तो आधी व्हाउचर शोधतो.

"एकदा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जाऊन यायचं, एवढंच तर म्हणतेय मी," असं आमची ही दिवाळीत म्हणाली. मला खटकलं ते 'एवढंच'. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून-उतरून बोरिवली, पुढे शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आणि फाटकापासून आत सहा किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. हे सगळं एका दिवसात, दोन मुलांसकट! मी त्याच रात्री फूलस्केप कागद काढला, उजवीकडे समास आखला आणि वर लिहिलं : 'सहल. अंदाजपत्रक.'

पहिली अडचण वाराची. रविवारी आमच्या रेल्वेचा मेगाब्लॉक. शनिवार म्हणाल, तर 2015 पासून बँकेला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. पण दुसऱ्या शनिवारी मुलीचा क्लास आणि चौथ्याला हिची भिशी. (भिशी पुढे ढकलता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम त्यामानाने सैल असतात.) अशात एक सुट्टी सोमवारी आली. मेगाब्लॉक नाही, क्लास नाही, भिशी नाही! मी लगेच गाड्यांच्या वेळा, दशम्या, पाण्याच्या बाटल्या असं सगळं मांडून चार कागद भरले.

"बाबा," चिरंजीव फोनमधून डोकं न काढता म्हणाले, "सोमवारी पार्क बंद असतं. लेणीपण."

दुसऱ्या शनिवारी येऊन आमच्या शाखेचं शटर हलवून बघणारी माणसं असतात. त्यांना मी आजवर फार हसलो आहे. आता हसत नाही.

चौथ्या कागदाच्या तळाशी मी 'अडचणी' असं सदर काढलं होतं. त्यात ओळीनं लिहिलेलं होतं : माकडं. मेगाब्लॉक. अप्पांचे गुडघे. अप्पा म्हणजे माझे वडील. वय 76, शाळामास्तर म्हणून निवृत्त. त्यांना त्या दिवशी शेजारच्या काकूंकडे जेवायला ठेवायचं, असं आमचं दोघांचं कुजबुजत ठरलं होतं. त्यांना विचारायचं मात्र राहिलं होतं. म्हणजे खरं सांगायचं तर, राहू दिलं होतं.

कागद पेपरखाली राहिला आणि अप्पांच्या हाती लागला. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर परत आला, लाल पेन्सिलीनं तपासून. दशम्यांचं शुद्धलेखन सुधारलेलं होतं. 'अप्पांचे गुडघे' यावर आडवी रेघ आणि पुढे बारीक अक्षरात दोनच शब्द : 'बघून घेईन.'

त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही. पण पुढच्या दुसऱ्या शनिवारी मी उठलो तेव्हा अप्पा कॅनव्हासचे बूट घालून खुर्चीत बसले होते. मुलीनं क्लासला बुट्टी मारली. मी कागद शोधत होतो. तो सापडायच्या आत सगळी मंडळी जिना उतरली होती.

लेण्यांपर्यंत गाडीरस्ता आहे म्हणून बरं. तिथून पायऱ्या. अप्पा थांबत थांबत तिसऱ्या लेण्यापर्यंत आले, त्या मोठ्या चैत्यगृहापर्यंत. ओसरीवर टेकले आणि मास्तर सुरू झाले. इथल्या शिलालेखांत म्हणे कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. त्या काळात लोक भिक्षूंसाठी 'अक्षयनीवी' ठेवत, म्हणजे मुदलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून चीवरं द्यायची. "तुझी फिक्स्ड डिपॉझिट रे," अप्पा म्हणाले. "आणि कल्याणहून यायची ती माणसं, मेगाब्लॉक न बघता."

मग खडकात खोदलेल्या एका पाण्याच्या टाक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "इथंच तुझी चप्पल पडली होती. सहा वर्षांचा होतास. फाटकापर्यंत खांद्यावर आणला तुला."

मला चप्पल आठवत होती. खांदा आठवत नव्हता. मी मनात हिशोब केला : सहा किलोमीटर, तेव्हा ते 36 वर्षांचे होते, मी आज 46 चा आहे, आणि स्टेशनचा पूल चढलो तरी मला दम लागतो. उतरताना अप्पांनी न विचारता माझ्या खांद्यावर हात टाकला. एकेक पायरी आम्ही सावकाश उतरलो. दरम्यान एका माकडानं दशम्यांची पिशवी नेली. म्हणजे अंदाजपत्रकातली एक अडचण तरी अचूक होती.

रात्री खर्च मांडायला बसलो. तीन वेळा बेरीज केली. वीस रुपये कुठे गेले ते काही सापडेना. वीस रुपयांसाठी शाखेत आम्ही रात्री नऊपर्यंत बसलेलो आहोत.

"पेरू," आतल्या खोलीतून अंधारातच अप्पांचा आवाज आला. "टोपलीवाल्या बाईकडून घेतले. तुझ्याच खिशातले दिले मी. तिखटमीठ लावून. सुनेला सांगू नकोस."