पेटीतला सालगडी

फुलंब्री-कन्नडकडच्या एखाद्या विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडा. आत कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर, दाराच्या कडेला चिकटलेली पाल, धुळीनं माखलेल्या वायरी आणि मोबाईल स्टार्टरच्या खाचेत बसलेलं सिमकार्ड. २५ मिलिमीटर लांब, १५ रुंद. यानं कधी रील पाहिलेलं नाही, कुणाच्या वाढदिवसाला शुभेच्छा दिलेल्या नाहीत. लाईट आली, मोटर चालू झाली, एक फेज गेला, विहीर उपसली आणि मोटर कोरडी चालतेय, एवढीच याची भाषा. मालकाचा फोन आला की उचलायचा, त्यानं कुठलं बटण दाबलं ते ओळखायचं आणि मोटर सुरू करायची. ज्या आठवड्यात थ्री फेज रात्री येतो, त्या आठवड्यात अद्रकीच्या वावरात बॅटरी घेऊन साप-विंचवातून जाणं हे कार्ड वाचवतं.

म्हणून मी त्याला सालगडी म्हणतो. पण सालगडी ठरवताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. हे कार्ड मात्र पैठण गेटच्या दुकानात ‘स्वस्तातलं द्या’ म्हणून घेतलं जातं, नाहीतर घरात पडलेलं पेटीत सरकवलं जातं.

पहिली चौकशी रेंजची, आणि तीही घरी नव्हे, विहिरीवर. गावात सगळ्या कांड्या दिसतात. गौताळ्याच्या पायथ्याला, डोंगराच्या आडोशाला त्यातली एखादी उरते. वर पेटी लोखंडाची. दार लावलं की तीही जाते. साध्या बटणांच्या फोनमध्ये कार्ड घालून फोन पेटीत ठेवायचा, दार लावायचं आणि बाहेरून फोन लावून बघायचा. नाही लागला, तर अँटेनाची वायर पेटीबाहेर काढायची.

दुसरी चौकशी पिढीची. जुन्या पेट्यांना टू-जीच कळतं. जिओ २०१६ मध्ये आलं तेच फोर-जी घेऊन. त्याच्याकडे टू-जी नाहीच. त्यामुळे खिशातल्या फोनमध्ये धावणारं कार्ड पेटीत मुकं होतं. मग दुकानदार म्हणतो पेटी खराब, पेटीवाला म्हणतो कार्ड खराब, आणि दोघंही प्रामाणिकपणे बोलत असतात. अशा पेटीला टू-जी चालू असलेल्या कंपनीचंच कार्ड लागतं. नवी पेटी घेणाऱ्यानं मात्र फोर-जीचीच घ्यावी. टू-जी किती दिवस राहील याचा भरवसा कशाला धरायचा?

मग मजुरीची गोष्ट. दिवसाला दहा-वीस मेसेज करणाऱ्याच्या गळ्यात रोजचा दीड-दोन जीबी डेटा मारण्यात कंपन्यांना काहीच वावगं वाटत नव्हतं. ज्याला भाकरी पुरते, त्याला पंगतीचे पैसे लावायचे! डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं नियम बदलला : फक्त कॉल आणि मेसेजचं व्हाउचर द्यायलाच हवं, आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. त्यानंतर कंपन्यांनी तसे प्लॅन आणले. स्वस्त म्हणवत नाहीत; पण एकदा भरले की महिन्या-महिन्याला आठवण ठेवायला नको.

ही आठवण पावसाळ्यात हमखास सुटते. पाऊस चांगला झाला की मोटर बंद, मग रिचार्ज कशाला मारायचा? सलग ९० दिवस कार्डाचा वापर झाला नाही आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असली, तर नंबर जातो. रब्बीत मालक फोन लावतो, तर पलीकडून कुणी भलताच माणूस ‘कोण बोलतंय?’ विचारतो. याची उलटी बाजूही आहे. नव्या कार्डाला कुणाचा तरी जुना नंबर मिळतो, त्या माणसाचे घेणेकरी तसेच कायम, आणि थकलेल्या हप्त्याचा तगादा विहिरीवर वाजत राहतो. पेटी ठरवून दिलेल्या नंबरांचंच ऐकते म्हणून बरं. नाहीतर वसुलीवाल्याच्या फोनवर मोसंबीला पाणी सुटलं असतं.

याचं पोटही लहान. कार्डावर थोडेच मेसेज मावतात. काही जुन्या पेट्यांत कंपनीच्या जाहिरातींनीच ते भरतं, आणि मग मालकाचा मेसेज आत शिरत नाही. तेव्हा कार्ड काढायचं, साध्या फोनमध्ये घालून मेसेज पुसायचे, पिनचं कुलूप असेल तर काढायचं, पितळी दिसणारी बाजू खोडरबरानं हलकेच घासायची. आमच्याकडे बहुतेक दुरुस्त्या इथंच संपतात.

याचा एक शहाणा चुलतभाऊ आहे. त्याचा नंबर १३ आकडी. यंत्रांसाठीच काढलेलं हे कार्ड ठरलेल्या मोजक्या नंबरांशीच बोलतं, म्हणून तगाद्याची भानगड नाही. पण ते कंपन्यांना घाऊक मिळतं. एका विहिरीसाठी एक मागायला गेलेल्या शेतकऱ्याकडे काउंटरवरचा पोरगा नुसताच बघत राहतो. सरकारी योजनेतल्या सौर पंपांना दुरून देखरेखीची सोय सक्तीची आहे, म्हणून त्यांच्या कंट्रोलरमध्ये कार्ड आधीच बसून येतं. पंप किती तास चालला, किती वीज झाली, याची खबर ते थेट सर्व्हरला देतं. राबतं आपल्या वावरात, हजेरी देतं दुसऱ्याच्या दारात. बांधावरच्या मालकाला पंप बंद पडल्याचं कळतं ते पाटात पाणी दिसलं नाही तेव्हा.