चाराचे अठ्ठेचाळीस

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील त्या पेढीच्या बिलबुकावर पत्त्याखाली एक ओळ वर्षानुवर्षे छापली जात असे : ‘गोदाम : शिरोली, रा. म. क्र. ४’. अण्णांना त्या चाराच्या आकड्याचे मोठे कौतुक. गूळ गुजरातेत पाठवायचा तर मुंबईपर्यंत ४ आणि पुढे अहमदाबादपर्यंत ८, हा हिशेब त्यांना वडिलांकडून मिळाला होता. हुंडेकऱ्याशी बोलताना, ड्रायव्हरला वाट सांगताना हे दोन आकडे त्यांच्या तोंडी पक्के बसले होते.

२०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. दिल्ली-मुंबई हा जुना ८ आणि मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बंगळूरमार्गे चेन्नईला जाणारा जुना ४ हे एकाच क्रमांकाखाली आले. तो क्रमांक ४८. पेढीवर कोणी फारसे लक्ष दिले नाही. बिलबुके संपली, की जुन्याच मजकुरावरून नवी छापली जात. धाकट्या चिरंजिवांनी एकदा सुचवून पाहिले, पण अण्णा म्हणाले, “रस्ता तोच आहे ना? मग आकड्याला कोण विचारतो?”

ऑगस्ट २०१९ मध्ये त्या आकड्याने विचारणा केली. अण्णा तेव्हा डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईस लेकीकडे होते. इकडे पंचगंगेचे पाणी चढू लागले होते आणि चिरंजीव शिरोलीच्या गोदामातील माल हलविण्यात गुंतले होते. त्यांचा फोन लागेना. म्हणून उंझ्याच्या अडत्याने अण्णांनाच फोन केला : “शेठ, पुरामुळे अठ्ठेचाळीस बंद पडेल असे ड्रायव्हर लोक बोलतात. जिऱ्याची गाडी सोडू की थांबवू?” अण्णांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “अठ्ठेचाळीसशी आपला संबंध नाही. आपला रस्ता चार. खुशाल सोडा.”

अण्णांच्या शब्दावर गाडी निघाली. ती कराडच्या पुढे आली तेव्हा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले होते. शेकडो वाहनांच्या रांगेत तीही उभी राहिली. चार दिवस ड्रायव्हर आणि क्लीनर पावसात केबिनमध्ये बसून होते; जवळच्या गावकऱ्यांनी आणून दिलेल्या भाकरीवर त्यांचे निभावले. ताडपत्रीतून पाणी झिरपून काही पोती भिजली.

पूर ओसरल्यावर अण्णा परतले. अडत्याने नुकसान निम्मे-निम्मे सोसण्याची तयारी दाखविली, ती त्यांनी मानली नाही. “तुम्ही विचारले होते, चुकीचे उत्तर मी दिले,” एवढेच ते म्हणाले. भिजलेल्या मालाची रक्कम त्यांनी पेढीच्या नव्हे, स्वतःच्या नावे खर्ची टाकली. ड्रायव्हरला चार दिवसांच्या खोळंब्याचे पैसे वेगळे दिले आणि मुलाच्या वयाच्या त्या माणसापुढे हात जोडले.

त्याच रात्री त्यांनी चिरंजिवांना नकाशा घेऊन समोर बसविले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम आकडे. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून श्रीनगर-कन्याकुमारी ४४, त्याच्या पश्चिमेस ४८, आणि कोकण किनाऱ्याने जाणारा पूर्वीचा १७ आता ६६. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आकडे. ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. १ काश्मीर-लडाखात, तर ८७ थेट रामेश्वरच्या वाटेवर. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा : शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे, पहिला शाखेचा. बेळगाव-पणजी पूर्वी ४अ होता, तो आता ७४८; न्हावाशेवा बंदराला जोडणारा ४ब आता ३४८.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे मूळ खाते आणि पोटखाती! हे तर आपल्या खतावणीसारखेच आहे. इतकी सरळ मांडणी, आणि नऊ वर्षे मी ती उघडून पाहिली नाही.” मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “आणि आपला चार?”

“तो अंदमानात आहे, अण्णा. आठ त्रिपुरात.”

वडिलांपासून ज्या आकड्याने माल गेला, तो समुद्रापलीकडच्या बेटांवरचा रस्ता झाला होता. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

छापलेली बिलबुके अजून बरीच शिल्लक होती. कागद वाया घालविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुसऱ्या दिवसापासून दुपारची विश्रांती सोडून ते एकेक पान उघडत, चारावर आडवी रेघ मारून शेजारी ४८ लिहीत आणि वहीतील दुरुस्तीखाली करावी तशी छोटी सही करीत. उपचार झालेल्या डोळ्यांना ते काम जड जाई. चिरंजिवांनी रबरी शिक्का करून आणण्याचे सुचविले, तेव्हा अण्णा म्हणाले, “शिक्का पुढच्या छपाईला. ही चूक हाताने झाली, दुरुस्तीही हातानेच होऊ दे.”

दिवाळीपर्यंत सगळी बिलबुके दुरुस्त झाली होती.